पिल्ले वाटू नका, पाळ्या वाटा

वाचकाचे पत्र (सारांश)

ठाण्याच्या पाचपाखाडी भागातील एका जुन्या सोसायटीत राहणाऱ्या वाचक भगिनीचे हे पत्र आहे. जुलैच्या मुसळधार पावसात इमारतीच्या मीटर रूममध्ये एका भटक्या मांजरीने पाच पिल्लांना जन्म दिला. तिसऱ्या दिवशी तिथे पाणी शिरले, तेव्हा या भगिनींनी पिल्ले उचलून आपल्या पहिल्या मजल्यावरील घराच्या गॅलरीत पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली. त्यानंतर मांजरी त्यांना एकदाच दिसली. पाचांपैकी एक पिल्लू फारच लहान आहे. ते सतत इतरांच्या ढिगाखाली चेंगरते असे वाटून त्यांनी त्याला कापूस घातलेल्या बुटांच्या खोक्यात वेगळे ठेवले, तर ते गार पडू लागले आणि दूधही घेईना. माणसाचा हात लागलेली पिल्ले मांजरी पुन्हा जवळ करत नाही, असे सासूबाई म्हणतात. यजमानांचा सल्ला टेबल लॅम्प लावण्याचा आहे, तर शेजारच्या काकू कोमट दूध पाजायला सांगतात. सोसायटीतील पाच घरांनी प्रत्येकी एक पिल्लू नेण्याची तयारी दाखवली आहे. त्यामुळे कोणा एकावर भार पडणार नाही आणि प्रत्येक पिल्लाकडे नीट लक्षही राहील, असा सर्वांचा विचार आहे. "पिल्ले आताच वाटून टाकावीत की एकत्र ठेवावीत? आणि त्या लहानग्याला वेगळे ठेवून मी चूक केली का?" असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले त्याच रात्री दोन तातडीच्या गोष्टी मी ई-मेलने कळवल्या होत्या. लहानग्याला भावंडांत परत ठेवा, आणि त्याचे अंग हाताला उबदार लागेपर्यंत त्याच्या तोंडात दुधाचा थेंबही घालू नका. असे का करायचे आणि पुढे काय, हे त्या घाईत लिहिता आले नाही. पावसाळ्यात जिन्याखाली, पंपाच्या खोलीत किंवा गाडीच्या बॉनेटखाली सापडलेल्या पिल्लांविषयीची पत्रे या सदराकडे दरवर्षी येतात, म्हणून आता सविस्तर लिहिते.

तुम्ही चूक केली का, हा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुम्हाला अधिक बोचतो आहे असे पत्रावरून दिसते. पाच पिल्लांचा ढीग आणि त्यात सर्वांत खाली दबलेले सर्वांत लहान पिल्लू पाहिल्यावर ते गुदमरेल अशी धास्ती कोणालाही वाटली असती. त्यातून आपण शहरातली माणसे जागेलाच सुख मानतो. एका खोलीतून दोन खोल्यांत आणि दोनांतून तिनांत जाण्यात आपले अर्धे आयुष्य खर्ची पडते, त्यामुळे पिल्लाला स्वतःचे स्वतंत्र खोके मिळाले म्हणजे त्याचे भलेच झाले, असे आपण धरून चालतो. चार दिवसांच्या पिल्लाचा हिशेब मात्र निराळा असतो. त्याला आजूबाजूला जितकी मोकळी जागा मिळेल, तितकी त्याच्या अंगातली ऊब बाहेर जाण्याला वाट मिळते.

यावर तुम्ही विचाराल की ठाण्यात जुलै महिन्यात थंडी कुठली? आपण घामाने निथळत असतो, पंखा चालू असतो, आणि गॅलरीतही पारा फारसा उतरत नाही. तुमच्या पत्रातील सर्वांत मोठे गृहीतक हेच आहे, आणि ते अगदी नकळत केलेले आहे. हवा उबदार आहे की गार, हे आपण आपल्या अंगावरून ठरवतो. मांजरीचे पिल्लू जन्मतः साधारण शंभर ग्रॅमचे असते. शरीर जितके लहान, तितकी त्याच्या वजनाच्या मानाने त्वचा अधिक, आणि उष्णता निसटते ती त्वचेतूनच. मोठे पातेले तासाभराने हात लावला तरी गरम असते आणि त्यातूनच वाढलेली वाटीभर आमटी पाच मिनिटांत निवते, हे आपण रोज पाहतो. पिल्लू म्हणजे ती वाटी आहे. त्यात त्याची लव विरळ, कातडीखाली चरबी नाममात्र, आणि खाली फरशी असेल तर ती पोटाची ऊब शोषून घेते. आई नसलेल्या पिल्लांसाठी पहिल्या आठवड्यात खोक्यातील हवा साधारण ३० ते ३२ अंश सेल्सिअस असावी असे पशुवैद्य सांगतात. म्हणजे ज्या गॅलरीत तुम्हाला उकडते, तीच एकट्या पिल्लाला गार पडते. पावसाने अंग ओले झाले असेल, तर ते पाणी वाळतानाही शरीराचीच उष्णता घेऊन जाते.

मोठ्या प्राण्याला थंडी वाजली की तो कुडकुडतो, आणि स्नायूंच्या त्या थरथरीतून उष्णता निर्माण होते. मांजरीच्या किंवा कुत्रीच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात ही सोय जवळजवळ नसते. "ते कुडकुडत नव्हते, म्हणून त्याला थंडी वाजत नसेल असे वाटले," असे तुम्ही लिहिले आहे. ते कुडकुडत नव्हते, कारण त्याला अजून कुडकुडता येत नाही. अनेक सस्तन प्राण्यांच्या नवजात पिल्लांकडे, माणसाच्या बाळाकडेही, दुसरी एक व्यवस्था असते. खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि मानेभोवती तपकिरी रंगाची एक विशेष चरबी असते, आणि ती न थरथरता नुसती जळून उष्णता देते. स्विस निसर्ग-अभ्यासक कोनराड गेस्नर यांनी १५५१ मध्ये मार्मोट या खारीच्या कुळातील प्राण्याच्या पाठीतील या चरबीच्या गोळ्याची नोंद केली होती. तो गोळा शेगडीचे काम करतो हे समजायला मात्र पुढे चारशे वर्षे जावी लागली. काही प्राण्यांना ही शेगडीही मिळालेली नाही. डुकराच्या वंशात ती पेटवणारे प्रथिन उत्क्रांतीच्या ओघात नाहीसे झाले आहे, आणि म्हणून डुकराची पिल्ले जन्मल्या क्षणापासून एकमेकांना आणि आईच्या पोटाला चिकटून राहतात. ज्यांच्याकडे शेगडी आहे, त्यांनाही तिच्यात इंधन घालावे लागते, आणि ते इंधन म्हणजे दूध. एकटे पिल्लू मिळालेल्या दुधाचा मोठा भाग अंग गरम ठेवण्यातच जाळून टाकते. भावंडांत दडलेल्या पिल्लाला तेच दूध वाढीसाठी उरते.

ढिगाने नेमके काय साधते, हे समजायला बेकरीतून आणलेली पावाची लादी आठवा. सहा पावांची लादी घेऊ आणि हिशेबासाठी प्रत्येक पाव चौकोनी ठोकळा आहे असे मानू. सुटे केलेल्या सहा पावांच्या मिळून छत्तीस बाजू हवेला उघड्या पडतात. तेच सहा पाव दोन-तीनच्या लादीत जोडलेले असले, तर फक्त बावीस बाजू उघड्या राहतात. घरी नेईपर्यंत लादी आतून गरम राहते आणि सुटा पाव रस्त्यातच गार होतो, त्याचे कारण हे आहे. पिल्ले ठोकळ्यासारखी नसतात. ती मऊ असतात, एकमेकांच्या खळग्यांत बसतात, त्यामुळे त्यांचा लाभ बहुधा याहून थोडा अधिकच असावा. तुम्ही बुटांच्या खोक्यात ठेवलेले पिल्लू म्हणजे लादीतून तोडलेला सर्वांत लहान पाव होता.

आता चेंगरण्याच्या भीतीविषयी. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे जेफ्री आल्बर्ट्स यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांच्या अशा गोळ्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९७८ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांना दिसलेली गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते. हवा गार झाली की गोळा आवळतो आणि गरम झाली की सैलावतो, म्हणजे तो सारा गोळाच जणू एक शरीर असल्यासारखा आपले उघडे अंग कमी-जास्त करतो. गोळ्यातील पिल्लांना एकेकट्या पिल्लांच्या मानाने प्राणवायूही कमी लागतो, याचा अर्थ त्यांचे इंधन कमी जळते. आणि त्या गोळ्यात कोणाचीही जागा कायमची नसते. गार हवेत वरची पिल्ले खाली शिरतात आणि खालची हळूहळू वर ढकलली जातात. हवा तापली की हाच ओघ उलटा होतो आणि आतली पिल्ले गारव्यासाठी वर येतात. पातेल्यात उकळणाऱ्या वरणासारखे हे अखंड चालू असते, फक्त इतके संथ की उभ्याउभ्या डोकावून जाणाऱ्याला ते कळत नाही. तुम्ही दोन-तीनदा डोकावलात आणि तिन्ही वेळा लहानगे खाली दिसले. मला वाटते, ते तिथे सापडले नव्हते. ते तिथे शिरले होते. ज्याला ऊब सर्वांत कमी पडते, त्याला खालची जागा सर्वांत प्रिय असणार, यात नवल नाही. खरोखर संशय असेल तर खुर्ची घेऊन वीस मिनिटे शांत बसा आणि पाहा.

सशांच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे दिसते. सशाची मादी बिळातील पिल्लांकडे दिवसातून साधारण एकदाच येते, तीन-चार मिनिटे दूध पाजते आणि निघून जाते. आईने स्वतःची लव उपटून केलेल्या अंथरुणात दिवसाचे उरलेले सारे तास पिल्लांना एकमेकांच्याच आधाराने काढायचे असतात. रॉबिन हडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोत केलेल्या अभ्यासांत असे दिसले की गोळ्याच्या मध्यभागी अधिक वेळ राहणारी पिल्ले अधिक उबदार असतात आणि प्यायलेल्या दुधाचे वजनात अधिक चांगले रूपांतर करतात. मधल्या जागेसाठी ती मारामारी करतात का, हेही त्यांनी तपासले. तसे भांडण फारसे आढळले नाही, चढणे आणि घुसणे मात्र सतत चालू होते. यावरून माणसांच्या एकत्र कुटुंबाविषयी काही निष्कर्ष काढण्याचा मोह मला होतो आहे, कारण आम्ही चार भावंडे चाळीतल्या एका खोलीत एकाच वाकळीत झोपत असू आणि कडेला कोण यावरून रोज भांडत असू. तो मोह आवरते. आम्हाला कुडकुडता येत होते.

म्हणून पिल्ले वाटायची की नाहीत, या तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. आता तर नाहीच. प्रत्येक पिल्लाला एक घर मिळाले की प्रत्येकाकडे पुरेसे लक्ष राहील, हा तुमच्या सोसायटीचा विचार सद्भावनेचा आहे, परंतु या वयात पिल्लाला ज्याची सर्वाधिक गरज आहे ते लक्ष देऊन मिळत नाही. पाच घरांतल्या पाच माणसांनी कितीही जीव लावला, तरी रात्री तीन वाजता निवलेली गरम पाण्याची पिशवी बदलायला त्यांना उठावे लागेल. चार भावंडे मात्र रात्रभर गरमच असतात.

परंतु वाटण्याआधी या पिल्लांना खरोखर आई नाही का, हे पाहू या. मांजरी एकदाच दिसली, यावरून तिने पिल्ले टाकली असे तुम्ही मानता. तिलाही पोट आहे. दूध येण्यासाठी तिला खावे लागते, आणि पावसात उंदीर किंवा उष्टे मिळवायला दोन-तीन तास सहज लागतात. शिवाय तुमच्या गॅलरीत दिवसभर माणसांची ये-जा असेल, तर ती जिन्यात दबा धरून रात्र होण्याची वाट पाहत असेल. सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. माणसाचा हात लागला एवढ्याने मांजरी सहसा पिल्ले टाकत नाही. मात्र त्या जागी सतत गडबड होत असेल, तर ती त्यांना उचलून दुसरीकडे नेते. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात ते यामुळेच, आणि ती मानगूट धरून नेते तरी "मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत" हेही आपल्याकडच्याच म्हणीत आहे.

ती येऊन जाते का, हे कळण्याची सोपी युक्ती अशी. रात्री खोक्याभोवती तांदळाचे पीठ अगदी पातळ भुरभुरा आणि सकाळी पावलांचे ठसे पाहा. सकाळी फरशी लगेच पुसा, नाहीतर मुंग्यांची रांग पिल्लांपर्यंत पोहोचेल. पिल्लांची पोटे गोल आणि ती शांत झोपलेली असतील, तर आई येऊन गेली आहे असे खुशाल समजा. ती सर्व बाजूंना तोंड फिरवत सतत ओरडत असतील, अंग गार आणि पोट आत गेलेले असेल, तर मात्र वाट पाहत बसू नका. आई येत असेल, तर तुमचे काम इतकेच की खोके पावसाच्या सडाक्यापासून आणि घुशींपासून सुरक्षित, जमिनीपासून थोडे उंच परंतु मांजरीला चढता येईल असे ठेवायचे, गॅलरीचे दार रात्री तिच्यासाठी मोकळे ठेवायचे, तिला थोडे मासे-भात किंवा अंडे द्यायचे, आणि शेजारच्या मुलांना सध्या चार दिवस पाहायला बोलवायचे नाही. जगातील कोणतीही भुकटी आणि कोणतीही रबरी पिशवी आईच्या पोटाची बरोबरी करत नाही.

आई येतच नसेल, तर ऊब आधी आणि दूध नंतर, हा क्रम मोडू नका. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या शरीराचे तापमान ३५ ते ३७ अंशांच्या दरम्यान असते. मोठ्या मांजराचे ३८ ते ३९ असते. पिल्लू ३५ अंशांच्या बरेच खाली गेले की त्याचे आतडे काम थांबवते आणि चोखण्याची क्रियाही मंदावते. अशा वेळी ड्रॉपरने घातलेले दूध पोटात तसेच पडून राहते, आंबते, किंवा श्वासनलिकेत जाते. तुमच्या लहानग्याने दूध नाकारले, तेव्हा ते हट्ट करत नव्हते. स्वतःचा जीव वाचवत होते. हे मला पुस्तकातून आधी कळले असते तर बरे झाले असते. पावसाळ्याआधीच्या फांदीछाटणीत आमच्या आवारात खारीचे एक पिल्लू पडले होते. ते मुठीत गार लागत होते आणि मी मोठ्या मायेने त्याला आधी कोमट दूध पाजले. सकाळपर्यंत ते राहिले नाही.

गार पडलेल्या पिल्लाला हळूहळू, तासा-दोन तासांत ऊब द्यायची असते. सर्वांत सोपे म्हणजे त्याला आपल्या कपड्याच्या आत, छातीशी त्वचेला लावून धरणे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या छातीशी बांधून ठेवण्याची 'कांगारू' पद्धत आपल्या रुग्णालयांत आता रुळली आहे. तिची सुरुवात १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा शहरात, उबवण्याच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून, डॉ. एडगर रे यांनी केली. तत्त्व तेच आहे. पिल्लू हाताला उबदार लागले, तोंडात घातलेल्या स्वच्छ बोटाला चोखू लागले, की त्याला भावंडांत ठेवावे आणि मग दुधाचा विचार करावा.

खोक्यासाठी गरम पाण्याची रबरी पिशवी उत्तम. ती जाड टॉवेलात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला, अर्ध्याहून कमी जागेत ठेवा, म्हणजे उकडले तर पिल्लांना दुसऱ्या बाजूला सरकता येईल. डोळे मिटलेली पिल्लेही उबेच्या आणि ओळखीच्या वासाच्या दिशेने सरपटतात. ऊब सर्व बाजूंनी सारखी दिली तर त्यांना निवड उरत नाही, आणि अतिउष्णतेनेही पिल्ले दगावतात. ती पिशवीला बिलगून गोळा करून बसली, तर ऊब कमी पडते आहे. सर्वजण पिशवीपासून लांब, एकेकटी पसरून, तोंड उघडून पडली, तर ती जास्त झाली आहे. म्हणजे आल्बर्ट्स यांना जे दिसले, ते तुमच्या खोक्यातही दिसेल, आणि त्या गोळ्याइतका भरवशाचा थर्मामीटर तुम्हाला बाजारात मिळणार नाही. पिशवी निवली की मात्र ती उलट ऊब शोषू लागते, हे लक्षात असू द्या. खाली वर्तमानपत्रांची जाड घडी, त्यावर जुन्या सुती साडीचे किंवा गोधडीचे पदर असावेत. सुटा कापूस नको. त्याचे तंतू नखांत आणि तोंडात अडकतात. तुमच्या यजमानांच्या टेबल लॅम्पचा सल्ला मागच्या पिढीत चालला असता, कारण तेव्हाचा पिवळा बल्ब प्रकाशापेक्षा उष्णताच अधिक देत असे. आता घराघरांत एलईडी दिवे आहेत आणि त्यांच्याखाली पिल्लू नुसते उजेडात गारठेल. जुना बल्ब कुठून पैदा केलाच, तरी तो कातडी कोरडी पाडतो आणि पावसाळ्यातल्या ओल्या गॅलरीत वायर लोंबकळत ठेवणे मला पसंत नाही.

दुधाविषयी थोडक्यात लिहिते, कारण पशुवैद्य तुम्हाला ते दाखवून देतील. गायी-म्हशीचे दूध मांजरीच्या दुधासारखे नसते, त्याने पिल्लांना हगवण लागते, आणि हगवणीने अंगातले पाणी आणि ऊब दोन्ही जातात. पिल्लांसाठीची दूधभुकटी प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानांत मिळते. पाजताना पिल्लू पोटावर पालथे असावे, बाळासारखे उताणे कधीही नको. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, पाजावे लागते. प्रत्येक वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शी-शूची जागा हलकेच पुसावी लागते, कारण आईने चाटल्याशिवाय पहिले तीनेक आठवडे त्यांना ते आपसूक होत नाही. पुसल्यावर अंग कोरडे करायला विसरू नका.

हे काम एका घराच्या आवाक्याबाहेरचे आहे, ही तुमची भीती रास्त आहे, आणि पाच घरांची तयारी इथे खरोखर मोलाची ठरते. पिल्ले वाटण्याऐवजी पाळ्या वाटा. खोके एकाच घरात राहू द्या, आणि पाच घरांनी चोवीस तास आपसांत वाटून घ्यावेत. तुमच्या पत्रात रात्रपाळी करणाऱ्या एका तरुणाचा उल्लेख आहे. सुट्टीच्या रात्री तो जागाच असतो, त्याला दोनची वेळ द्या. पहाटे पाचला उठणारे आजोबा प्रत्येक सोसायटीत असतातच. दुपारच्या वेळा घरी असणाऱ्यांनी घ्याव्यात, पण सगळ्या त्यांच्याच माथी मारू नयेत. खोक्यापाशी एक वही ठेवा आणि कोणी, किती वाजता, कोणाला, किती पाजले हे लिहा, नाहीतर सर्वांत जास्त ओरडणारे पिल्लू तीनदा पिईल आणि तुमचे लहानगे एकदाही नाही. पिल्ले ओळखण्यासाठी नखावर नेलपॉलिशचा ठिपका वगैरे लावू नका, ती एकमेकांना चाटतात; रंगावरून आणि ठिपक्यांवरून ओळख पटते. प्रत्येकाला हवे असलेले पिल्लू आताच ठरवायला माझी हरकत नाही. ते न्यायचे मात्र आठ आठवड्यांनंतर, आणि एखादे घर दोन न्यायला तयार झाले तर फारच चांगले.

वेगळे ठेवणे योग्य ठरते असे प्रसंगही आहेत, ते लपवत नाही. आई नसलेली पिल्ले कधीकधी चोखण्याच्या ओढीने भावंडांचेच नाजूक अवयव चोखतात आणि तिथे सूज येते. असे दिसले तर खोक्यातच कापडाचा पडदा घालून त्या जोडीला काही काळ अलग करावे, ऊब सामाईक ठेवावी. एखाद्याला हगवण लागली, डोळ्यांत पू आला किंवा नाक वाहू लागले, तर ते पशुवैद्याला दाखवेपर्यंत दूर ठेवणे भाग आहे. आणि कोणाला एकच पिल्लू सापडले असेल, जसे आमच्या आवारातील खारीचे होते, तर त्याच्यासाठी भावंड तयार करावे लागते: टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली एका बाजूला आणि मऊ कापडी खेळणे दुसऱ्या बाजूला, म्हणजे त्याला कशात तरी घुसता येते. याहून उत्तम उपाय म्हणजे जवळपास दुसरी व्यालेली मांजरी असेल तर तिच्यापाशी त्याला लावून पाहणे. मांजरी परकी पिल्ले पुष्कळदा स्वीकारतात. आई परत आली आणि तिने पिल्ले वाढवली, तर ती दूध तोडल्यावर तिची नसबंदी करून घ्या. दूध पाजत असतानाही मांजरीला पुन्हा गर्भ राहू शकतो, आणि मग दिवाळीच्या सुमारास तुम्ही मला असेच दुसरे पत्र लिहाल.

राहिले ते लहानगे. ढिगात ठेवल्याने ते जगेलच असे वचन मी देत नाही. काही पिल्ले जन्मतःच अधू असतात आणि पुरेशी ऊब व दूध मिळूनही मागे पडतात. पण त्याच्यात खोट आहे की ते केवळ गारठलेले आणि म्हणून उपाशी होते, हे तुम्हाला दोन-तीन दिवसांत वजनावरून कळेल. निरोगी पिल्लू रोज साधारण १० ते १५ ग्रॅम वाढते. सर्व पाचांचे वजन रोज एकाच वेळी, पाजण्याच्या आधी, स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर करा आणि वहीत मांडा. एखाद्याचे वजन पूर्ण दिवस वाढले नाही, किंवा घटले, किंवा त्याचे तोंड आतून गार लागले, तर वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. नेताना त्या एकट्याला नेऊ नका; पावसात रिक्षात बसून जायचे असेल तर सोबत एक धडधाकट भावंड त्याच खोक्यात घाला.

बुटांचे ते खोके टाकून देऊ नका. पिल्लू काट्यावर स्वस्थ बसत नाही, त्यामुळे वजन करायला त्याचा चांगला उपयोग होईल. फक्त तळाशी फडके घाला, आणि रिकाम्या खोक्याचे वजन वजा करायला विसरू नका.